जाणत्याची नजर : तांत्रिक लेखनाचें समव्यवसायी परीक्षण

नागपूर शहराच्या नैर्ऋत्य भागांतील प्रतापनगर ही वस्ती कारखान्यांची नव्हे, राहत्या घरांची आहे. परंतु त्या वस्तींत उभें राहून शहराकडे पाहिलें, म्हणजे तांत्रिक लेखनाचा केवढा मोठा व्यवहार येथें चालतो याची कल्पना येते. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था जवळच आहे. १९६० सालीं ती प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली. पाणी, सांडपाणी व हवा यांचें संशोधन करणारी ‘नीरी’ ही संस्था १९५८ पासून याच शहरांत आहे. कापसाच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था वर्धा मार्गावर आहे, मृदा-सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती मार्गावर आहे, आणि भारतीय खाण ब्यूरोचें मुख्यालयही नागपुरासच आहे. अशा संस्थांतून अहवाल निघतात, प्रबंध निघतात, यंत्रें हाताळण्याच्या पुस्तिका निघतात, शेतकऱ्यांसाठीं पत्रकें निघतात. हें सारें लेखन कोणी विरंगुळ्यासाठीं वाचीत नाहीं. तें वाचून कोणीतरी कांहींतरी करणार असतो, आणि म्हणूनच तें छापण्यापूर्वीं कोणाच्या नजरेखालून गेलें हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कथेंत एखादें वाक्य सैल पडलें तर वाचकाचा रसभंग होतो; त्यापलीकडे फारसें कांहीं बिघडत नाहीं. औषधाच्या पत्रकांत एक विशेषण गळलें तर परिणाम निराळा होतो. अतिसार झालेल्या मुलास घरच्या घरीं द्यावयाच्या पाण्याचें उदाहरण घ्यावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, ही कृति सर्वत्र सांगितली जाते. या वाक्यांतला सर्वांत मोलाचा शब्द ‘सपाट’ हा आहे. तो गळला, तर कोणी चमचा शिगोशीग भरील, आणि अशक्त मुलाच्या पोटांत नको तितकें मीठ जाऊन पाण्यानें जें सुधारावयाचें तेंच अधिक बिघडेल. दुकानांत मिळणाऱ्या पुडीचीही गोष्ट तीच. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें एक लिटरच्या पुडींत २०.५ ग्रॅम क्षार व शर्करा असतात, त्यांपैकीं साधें मीठ २.६ ग्रॅम असतें. संपूर्ण पुडी संपूर्ण एक लिटर पाण्यांतच टाकावयाची असते. एक पेला पाणी घेऊन त्यांत थोडी थोडी पुडी टाकणारी आई आपल्या समजुतीप्रमाणें काटकसरच करीत असते; तिचा दोष नाहीं. ‘पुडी अर्धी करूं नये’ हें वाक्य ज्यानें लिहिलें नाहीं त्याचा आहे.

आतां हें वाक्य कां राहून जातें? लिहिणारा अडाणी असतो म्हणून नव्हे. उलट तो फार जाणता असतो म्हणून राहून जातें. ज्या डॉक्टरानें हें पाणी शेंकडों वेळां करून पाहिलें आहे, त्याच्या मनांत चमचा म्हटला कीं सपाटच येतो. शिगोशीग चमचा त्याच्या कल्पनेंतही येत नाहीं. दिव्याखालीं अंधार असतो तो असा. आपलाच मसुदा पांच वेळां वाचला तरी जें कागदावर नाहीं तें लेखकाचें मन आपोआप भरून काढीत जातें, आणि वाक्य पुरें असल्याचा भास होतो. स्वतःच्या लिखाणाचें परीक्षण स्वतः करण्यास येथें मर्यादा पडते. ती प्रामाणिकपणानें किंवा मेहनतीनें ओलांडतां येत नाहीं.

तेव्हां दुसरा वाचक लागतो. हा दुसरा वाचक बहुधा तीन प्रकारचा मिळतो. पहिला म्हणजे वरिष्ठ अधिकारी. तो मजकूर धोरणाशीं जुळतो कीं नाहीं, कोणाचें नांव राहिलें, कोणास राग येईल, हें पाहतो. तें पाहणेंही जरूर असतें. पण चमचा सपाट कीं शिगोशीग हें त्याच्या कक्षेंत येत नाहीं. दुसरा म्हणजे सामान्य वाचक. त्याला मसुदा दाखविला तर तो बहुतेक वेळां ‘समजलें’ असें म्हणतो, आणि धोका नेमका येथेंच असतो. त्याला समजलेलें असतें खरें, पण लेखकाच्या मनांत होतें त्याहून निराळें. आणि निराळें समजल्याचें कळण्यास लागणारें ज्ञान त्याच्यापाशीं नसतें. तिसरा वाचक म्हणजे त्याच धंद्यांतला, तेंच काम स्वतःच्या हातांनीं केलेला माणूस. रुग्णालयांतील परिचारिका तें वाक्य वाचते आणि लगेच विचारते, “चमचा कोणता? चहाचा कीं आमटीचा? आणि लिटर मोजावयाचें कशानें?” हे प्रश्न तिला सुचतात, कारण चुकीच्या चमच्याचे परिणाम तिनें पाहिलेले असतात. या तिसऱ्या वाचकानें केलेल्या तपासणीस येथें समव्यवसायी परीक्षण म्हटलें आहे.

विदर्भांतील शेतकऱ्यास ही गोष्ट अधिक ओळखीची वाटेल अशा दुसऱ्या एका जागीं पाहतां येते. कीटकनाशकाच्या पत्रकांत पुष्कळदां ‘१० लिटर पाण्यांत २० मिलिलिटर’ असें प्रमाण दिलेलें असतें. हें प्रमाण शास्त्राप्रमाणें निर्दोष असूं शकेल. पण शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप १० लिटरचा नसतो. तो बहुधा १५ किंवा १६ लिटरचा असतो. मग प्रत्येक पंपागणिक ३० मिलिलिटर घ्यावें कीं ३२, हा हिशेब बांधावर, घामानें निथळत असतां, औषधाच्या झांकणानें करावयाचा असतो. पुढें एंजिनावर चालणारे फवारे आले. त्यांना एकरीं पाणी पुष्कळ कमी लागतें, आणि म्हणून अशा पंपासाठीं औषधाची मात्रा तिप्पट करावी, असें कृषि-सल्ल्यांतून शेवटच्या ओळींत सांगितलेलें असतें. ही ओळ शेवटीं, बारीक अक्षरांत कां? कारण लेखकाच्या दृष्टीनें ती तळटीप आहे. ज्यानें हंगामभर शेतकऱ्यांबरोबर फवारणी पाहिली आहे असा दुसरा कृषि-अधिकारी तो मसुदा वाचील, तर ती ओळ उचलून प्रमाणाच्या शेजारीं बसवील आणि दोन पंपांचे दोन निराळे तक्ते करावयास लावील. नाहींतर साध्या पंपांतच तिप्पट औषध टाकणारा कोणी ना कोणी निघतोच.

यांत जिवाचा प्रश्न असतो हें यवतमाळ जिल्ह्यानें २०१७ सालीं पाहिलें. त्या पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों जणांस रुग्णालयांत दाखल करावें लागलें. या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, निरनिराळीं औषधें एकत्र मिसळण्याची रीत, जोराचे नवे पंप, तोंडावर फडका बांधण्यापलीकडे संरक्षणाचें साधन नाहीं. केवळ पत्रकांतील भाषेमुळें माणसें गेलीं असें म्हणणें हा अन्याय होईल. परंतु साखळींतील एक कडी लेखनाचीही असते, आणि इतर कड्यांच्या मानानें ती दुरुस्त करण्यास अगदीं थोडा खर्च येतो. एका जाणत्याचे दोन तास, एवढाच तो खर्च.

आपल्याच बरोबरीच्या माणसानें आपलें लिखाण तपासावें ही कल्पना नवी नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीचें नियतकालिक १६६५ सालीं सुरू झालें तेव्हां त्याचे संपादक हेन्री ओल्डनबर्ग हेच बव्हंशीं निवड करीत. १७५२ सालीं सोसायटीनें निबंधांची निवड करण्यासाठीं एक समिति नेमली, आणि १८३० नंतरच्या दशकांत एकेका निबंधावर लेखी अभिप्राय मागविण्याची चाल पडली. आपल्याकडे शास्त्रीपंडितांच्या सभांत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष करण्याची जी जुनी रीत होती, तिच्यांतही आपलें मत प्रथम तोडीच्या विद्वानापुढें टाकावें हेंच सूत्र होतें. मात्र तेथें जयपराजयाकडे डोळा असे, आणि लेखनाच्या परीक्षणांत तो असून चालत नाहीं.

तरीसुद्धां मोठ्या माणसांस ही तपासणी रुचत नसे. १९३६ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं नेथन रोझेन यांच्यासह एक निबंध अमेरिकेंतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. गुरुत्वीय तरंग अस्तित्वांतच नाहींत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनीं तो निबंध एका तज्ज्ञाकडे धाडला. तज्ज्ञानें दहा पृष्ठांचा अभिप्राय लिहून त्यांतील अडचण दाखविली. आइन्स्टाइन रागावले, छापण्यापूर्वीं निबंध कोणास दाखविण्याची आपण परवानगी दिली नव्हती असें कळवून त्यांनीं तो परत घेतला. पुढें हाच विषय निराळ्या वाटेनें, मित्रांशीं झालेल्या चर्चेंतून, पुन्हां त्यांच्यासमोर आला, चूक त्यांना पटली, आणि १९३७ सालीं हा निबंध दुसऱ्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाला तेव्हां त्याचा निष्कर्ष बदललेला होता. तो अनामिक तज्ज्ञ म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन हे गणिती होते, हें जवळजवळ सत्तर वर्षांनीं उघड झालें. आणि चर्चेंतून चूक दाखविणाऱ्यांत तेच होते. २०१५ सालीं गुरुत्वीय तरंग प्रत्यक्ष टिपले गेले. आइन्स्टाइनसारख्याचें गणितही दुसऱ्या डोळ्यांखालून जावयास हवें होतें, मग तालुक्याच्या पत्रकाची कथा काय!

या हकीकतींत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. परीक्षकाचें नांव लेखकास ठाऊक नव्हतें. परंतु लेखकाचें नांव परीक्षकास ठाऊक होतें, आणि तरीही तो बिचकला नाहीं. सर्वच परीक्षक इतके खंबीर नसतात. मोठें नांव दिसलें कीं लेखणी आपोआप मऊ होते, आणि अनोळखी नांव दिसलें कीं ती उगाच धारदार होते. म्हणून दोन्ही नांवें झांकावीं हें उत्तम. मराठींत याचें एक सुंदर उदाहरण आहे. मराठी विज्ञान परिषद ही संस्था १९६६ पासून मुंबईंत काम करीत आहे. तिच्या विज्ञानकथा-स्पर्धेस १९७४ सालीं ‘कृष्णविवर’ नांवाची एक कथा आली. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. कथेस पहिलें बक्षीस मिळालें, आणि मग उलगडा झाला कीं जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ होत. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून त्यांनीं हें टोपणनांव घेतलें होतें, आणि हस्ताक्षर ओळखलें जाऊं नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. ती कथा होती, तांत्रिक पत्रक नव्हतें, हें खरें; पण नांवाशिवाय मजकुराची पारख व्हावी ही लेखकाचीच इच्छा असावी, यांत परीक्षणाच्या प्रतिष्ठेचें मर्म आहे.

स्पर्धेच्या रूपानें तांत्रिक लेखनाची पारख करण्याचा प्रयोग अमेरिकेंतील तांत्रिक लेखकांच्या एका संस्थेनें फार वर्षें केला. १९५३ सालीं तिचें मूळ रोवलें गेलें. भारतांतही तिची शाखा होती. यंत्रांच्या पुस्तिका, मार्गदर्शिका असें लेखन तिच्या स्पर्धांत येई, आणि तें तपासणारे तोच धंदा करणारे लेखक असत. या स्पर्धांचें खरें वैशिष्ट्य बक्षिसांत नव्हतें. परीक्षकांचे लेखी शेरे स्पर्धकाकडे परत जात. ज्यास बक्षीस मिळालें नाहीं त्याच्याही हातीं आपल्या लेखनाचे गुणदोष सकारण सांगणारा कागद पडे. आणि नोकरींत ज्याच्या लिखाणाकडे कोणी पांच मिनिटें पाहिलें नाहीं, त्याला एवढें लक्षपूर्वक वाचणारा वाचक पहिल्यांदां लाभे. २०२५ च्या आरंभीं ही संस्था आर्थिक अडचणींमुळें बंद पडली. तिची ही रीत मात्र कोणत्याही चार लेखकांस, कसल्याही संस्थेशिवाय, उचलतां येण्याजोगी आहे.

परीक्षण करावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, याविषयीं बराच घोटाळा दिसतो. पुष्कळांना तें ऱ्हस्वदीर्घ तपासणें वाटतें. मुद्रितशोधन हें स्वतंत्र व आदरणीय काम आहे; परंतु जाणत्या अभियंत्याकडून तें करून घेणें म्हणजे सोनाराकडून लांकूड फोडून घेणें होय. परीक्षकानें प्रथम मजकूर सरळ वाचावा, हातांत लेखणी न घेतां. कोठें अडखळलें तेवढें ध्यानांत ठेवावें. कारण तो पहिला अडखळा पुन्हां अनुभवतां येत नाहीं, दुसऱ्या वाचनांत मन त्या खड्ड्यास सरावलेलें असतें. मग सूचनापत्रक असेल तर त्याप्रमाणें काम करून पाहावें. पंपाची जोडणी लिहिली असेल तर पंप समोर घ्यावा आणि कागदावर जेवढें आहे तेवढेंच करावें. स्वतःच्या माहितीनें एकही स्क्रू फिरवूं नये. हें जाणत्यास फार कठीण जातें. परंतु ‘आठव्या पायरीवर हात थांबला, कारण झडप कोणत्या बाजूस वळवावयाची तें सांगितलेलें नाहीं’ असा एक शेरा ‘भाषा अधिक सुबोध करावी’ अशा दहा शेऱ्यांहून मोलाचा असतो.

शेरा लिहितांना चूक कोणत्या जातीची तें वेगळें सांगावें लागतें. आंकडा किंवा विधान चुकलें असेल तर ती वस्तुस्थितीची चूक. ती दुरुस्त झाल्याशिवाय मजकूर पुढें जातां कामा नये. क्रम चुकला असेल, म्हणजे हातमोजे घालण्याची सूचना औषध ओतल्यावर आली असेल, तर तीही तितकीच गंभीर, जरी प्रत्येक वाक्य सुटें घेतलें तर खरेंच असलें तरी. पण एखादा शब्द परीक्षकास आवडला नाहीं, त्याच्या संस्थेंत निराळा वापरतात, ही आवडनिवड झाली. ती कळवावी वाटली तर कळवावी, मात्र पहिल्या दोहोंच्या पंक्तींत बसवूं नये. परीक्षणें लेखकांस नकोशीं वाटतात तीं बहुधा या सरमिसळीमुळें. दहा शेऱ्यांपैकीं आठ आवडीचे निघाले कीं उरलेले दोन खरे शेरेही लेखक रागाच्या भरांत झटकून टाकतो.

एकच परीक्षक पुरत नाहीं. दोघे असावेत आणि त्यांनीं आपसांत न बोलतां लिहावें. दोघेही एकाच जागीं थांबले तर तेथें खड्डा आहे याविषयीं शंका उरत नाहीं. एकानें जें उत्तम म्हटलें तेंच दुसऱ्यानें अनावश्यक म्हटलें, तर लेखकास निर्णयाची मोकळीक मिळते. शेवटचा निर्णय लेखकाचा किंवा संपादकाचा असावा, परीक्षकाचा नव्हे. हें स्पष्ट असलें म्हणजे परीक्षकही अधिक मोकळेपणानें लिहितो.

मराठींत या कामास एक जादा बाजू आहे, ती परिभाषेची. नागपूरचा या विषयाशीं जुना संबंध आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें मंडळ प्रथम नागपुरांत उभें राहिलें आणि मग काम पुण्यास गेलें. डॉ. रघुवीर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत नागपुरांतच संस्कृत धातु, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारें पारिभाषिक शब्द घडविण्याचा प्रचंड उद्योग चालविला. त्या शब्दांची घडण नियमबद्ध होती; एका मूळ शब्दापासून वीस शब्द पद्धतशीर निघत. तरी त्यांतले अनेक कोशांतच राहिले. कारण उघड आहे. शब्द व्याकरणाच्या कसोटीस उतरला तरी तो कार्यशाळेंत, शेतावर, प्रयोगशाळेंत उच्चारून पाहणारा समव्यवसायी त्याला मिळाला पाहिजे. ‘व्हॉल्व्ह’ला ‘झडप’ हा शब्द चालतो, कारण कारागिराच्या तोंडीं तो आधींच आहे. ‘बेअरिंग’ला मात्र बेअरिंगच म्हणावें लागतें, आणि जाणता परीक्षक तेथें निःसंकोचपणें बेअरिंग ठेवावयास सांगतो. महाराष्ट्र शासनानें पुढें परिभाषा कोश तयार करविले तेव्हां विषयवार तज्ज्ञांच्या उपसमित्या नेमल्या. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश सुरू झाला तेव्हां नोंदींच्याही आधीं परिभाषेची बैठक घालण्यांत आली. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ सालीं निघाला, आणि नोंदींचा पहिला खंड त्यानंतर १९७६ सालीं. शब्द आधीं ठरले, म्हणून निरनिराळ्या लेखकांनीं लिहिलेल्या नोंदी एका भाषेंत बोलूं शकल्या.

समव्यवसायी परीक्षणाच्या मर्यादा मोठ्या आहेत, आणि त्या लपविण्यांत अर्थ नाहीं. परीक्षक लेखकाच्या आंकड्यांवर विश्वास ठेवून चालतो. आंकडेच बनावट असतील तर त्याचा इलाज चालत नाहीं. करोनाच्या सांथींत, २०२० च्या मे महिन्यांत, ‘लॅन्सेट’सारख्या प्रतिष्ठित नियतकालिकांत एका औषधाविषयीं प्रसिद्ध झालेला निबंध जूनच्या पहिल्या आठवड्यांतच मागें घ्यावा लागला, कारण त्याच्यामागील रुग्णांची माहिती पडताळतां येईना. परीक्षण होऊनही हें घडलें. मत्सर आणि मुलाहिजा हे तर माणसाच्या पांचवीला पुजलेले. ‘आज मी तुझें चांगलें म्हणतों, उद्यां तूं माझें म्हण’ हा व्यवहार लहान वर्तुळांत लवकर सुरू होतो, आणि मराठींतील तांत्रिक लेखकांचें वर्तुळ लहानच आहे.

त्याहून सूक्ष्म मर्यादा अशी, कीं जें सर्व धंद्यालाच ठाऊक आहे तें परीक्षकालाही खटकत नाहीं. कीटकनाशकाच्या डब्यावर १९७१ च्या नियमांप्रमाणें रंगीत त्रिकोणाचें चिन्ह असतें. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिंवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. कृषि-पदवीधर ही उतरंड झोंपेंतही सांगेल. परंतु निळा म्हणजे धोका, हें रंगावरून कोणास कळणार? आणि हिरवा रंग पाहून ‘हें शेताला मानवणारें औषध’ असें कोणी समजला, तर त्याला हंसणें योग्य नाहीं; त्याच्या जगांत हिरव्याचा अर्थ तोच आहे. असा मसुदा दहा कृषि-अधिकाऱ्यांनीं तपासला तरी हा प्रश्न निघणार नाहीं. येथें शेतकऱ्यासच डबा हातांत देऊन, ‘समजलें का’ असें न विचारतां, ‘आतां काय कराल तें करून दाखवा’ असें म्हणावें लागतें. ही चांचणी निराळी. ती समव्यवसायी परीक्षणानंतर करावयाची, त्याच्या ऐवजीं नव्हे. आधीं केली तर सदोष मजकुरावर शेतकऱ्याचा वेळ फुकट जातो.

आकाशवाणीवरून वाचल्या जाणाऱ्या सल्ल्यास तर दोन्ही चांचण्या अधिकच लागू पडतात. नागपूर केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. छापील पत्रकाचें पान उलटून मागें जातां येतें. ऐकलेलें प्रमाण हवेंत विरून जातें. ‘दीड’ आणि ‘अडीच’ कागदावर स्पष्ट दिसतात, कानाला मात्र ते खरखरींत सारखे भासूं शकतात. अशा संहितेचा परीक्षक ती डोळ्यांनीं वाचील तर त्याचें अर्धें काम राहिलें. ती दुसऱ्याकडून वाचवून, डोळे मिटून ऐकावी लागते.

परीक्षणाचा लाभ लेखकासच होतो अशी समजूत आहे. वस्तुतः परीक्षकास होणारा लाभ कमी नसतो, आणि तो अधिक टिकतो. दुसऱ्याच्या पुस्तिकेंत आठव्या पायरीवर हात थांबलेला माणूस आपली पुस्तिका लिहूं लागतो तेव्हां आठव्या पायरीशीं आपोआप सावध होतो. तरुण अभियंत्यांस लेखन शिकविण्याची जी पद्धति आहे, तींत नमुन्यादाखल उत्तम अहवाल वाचावयास देतात. उत्तम अहवालांतून शिकणें कठीण असतें, कारण चांगल्या लेखनांतले कष्ट दिसत नाहींत. मध्यम प्रतीचा एक अहवाल देऊन, ‘यांत कोठें अडलांत तें कारणांसह लिहा’ म्हटलें तर तेवढ्याच तासांत पुष्कळ अधिक पदरांत पडतें. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांनीं एकमेकांचे प्रकल्प-अहवाल नांवें झांकून तपासावेत, आणि गुण केवळ अहवालास न देतां शेऱ्यांसही द्यावेत. अवघड असें त्यांत कांहींच नाहीं. शेऱ्यांस गुण नसले कीं शेरे ‘छान आहे’ एवढ्यावर संपतात.

अडचण येते ती वेळेची. जाणते लोक कामांत असतात, आणि परीक्षणाच्या कामाचा मोबदला बहुधा मिळत नाहीं. छापील पत्रकावर परीक्षकाचें नांवही नसतें. प्रतापनगरासारख्या वस्त्यांतून सरकारी खात्यांत, कारखान्यांत, महाविद्यालयांत उभा जन्म घालवून निवृत्त झालेलीं माणसें राहतात. त्यांच्यापाशीं वेळ असतो, आणि कोणाची मर्जी सांभाळण्याची गरज उरलेली नसते. अशा दोघांकडे पत्रकाचा मसुदा छापखान्यांत जाण्यापूर्वीं आठ दिवस आधीं पोंचावा, आणि त्याबरोबर तीन प्रश्नांचें एक टांचण असावें : चुकीचें काय आहे, राहिलें काय आहे, आणि काम करतांना हात कोठें थांबला. परत आलेले शेरे मसुद्यासह जपून ठेवावेत, मान्य न केलेलेसुद्धां. पत्रकाची दुसरी आवृत्ति काढण्याची वेळ येते तेव्हां लेखक बदललेला असतो, पहिल्या वेळीं कोणता शब्द कां घातला हें कोणास आठवत नसतें, आणि जागा वाचविण्यासाठीं जो शब्द प्रथम गाळला जातो तो पुष्कळदां ‘सपाट’ हाच असतो.